बुल्चिझमध्ये जन्म घ्यायचाय? मग दगड व्हा

वाचकहो, पुढच्या जन्मासाठी चित्रगुप्ताने तुमच्या नावापुढे 'बुल्चिझ, अल्बानिया' असं लिहून ठेवलं असेल, तर घाबरून जाऊ नका. गाव छान आहे. चहूबाजूंनी डोंगर, पलीकडे उत्तर मॅसेडोनियाची हद्द आणि पायाखाली क्रोमचं खनिज. फक्त योनीचा रकाना जपून भरा. माणूस म्हणून येऊ नका, दगड म्हणून या.

दगडाला इथे 1948 पासून मान आहे. त्या साली खाण सुरू झाली आणि 1980 च्या दशकात क्रोमच्या उत्पादनात दक्षिण आफ्रिका आणि सोव्हिएत संघाच्या पाठोपाठ अल्बानियाचं नाव घेतलं जायचं. पुढे कम्युनिस्ट गेले, खासगी कंपन्या आल्या, ठेकेदारांच्या हाताखाली आणखी ठेकेदार आले. दगडाचं काही बिघडलं नाही. त्याला न्यायला ट्रक दारात येतो, दुर्रसच्या बंदरात जहाज थांबतं आणि परदेशी पोचला की त्याचं स्टेनलेस स्टील होतं. गावच्या पोरांनाही परदेशाचीच ओढ आहे, पण त्यांना भाडं पदरचं भरावं लागतं.

तरीही माणूसच व्हायचा हट्ट असेल, तर रोजगाराची काळजी नको. लहानपणी खाणीबाहेरच्या टाकाऊ दगडांच्या ढिगावर क्रोमचे तुकडे वेचायचे. शिक्षणाची अट नाही, उलट शाळा आड येते. मोठं झालात की बोगद्यात उतरायचं. संघटना वगैरे काढण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. 2019 मध्ये कामगारांनी स्वतःची स्वतंत्र संघटना काढली आणि काही दिवसांतच तिच्या प्रमुखाला नोकरीतून मोकळं करण्यात आलं. संघटनेच्या कामाला पूर्ण वेळ देता यावा, एवढाच हेतू असणार.

दगडाचा जन्मही कमीपणाचा वाटत असेल, तर सरळ हायड्रोजन व्हा. सध्या त्याच्याइतकं भाग्य कोणाचं नाही. पूर्वी तो नुसता बदनाम होता: 2011, 2017, 2023, खाणीत स्फोट झाले, माणसं गेली. मग फेब्रुवारी 2024 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात शोधनिबंध आला, की या खाणीतून वर्षाला किमान 200 टन नैसर्गिक हायड्रोजन बाहेर पडतो. खोल बोगद्यातल्या पाण्याच्या डबक्यातून जे बुडबुडे येतात, त्यांत 84 टक्के तोच. (चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरून इतका शुद्ध जन्म मिळणं ही पूर्वपुण्याईच.) झालं! कालचा मारेकरी आज उद्याचं स्वच्छ इंधन ठरला. त्याला मोजायला परदेशातून शास्त्रज्ञ आले, उपकरणं आली, जगभर बातम्या झळकल्या. तोच वायू छातीत भरून पिढ्यान्‌पिढ्या खोदणाऱ्यांना मोजायला एवढ्या लांबून कोणी आल्याचं ऐकिवात नाही.

वायू झालात तर एक पथ्य तेवढं पाळा. पाहुणे यंत्रं घेऊन खाली उतरले असतील तेव्हा गुमान बुडबुडे सोडत राहा. भडका घ्यायचाच असेल तर रोजची पाळी सुरू झाल्यावर घ्या. तेव्हा खाली फक्त गावचीच माणसं असतात.