तळचा मासा टाकीचा सफाई कामगार नाही

"नवी टाकी घेतली की आधी तळचे दोन मासे सोडा. ते घाण खातात, टाकी स्वच्छ राहते. नळाचं पाणी एक रात्र उघडं ठेवा, मूठभर मीठ टाका, बस्स. वेगळं खाणं लागत नाही." हा मजकूर सध्या एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर फिरतोय. सोबतचा फोटो झेब्रा लोचचा आहे. हा मासा आपल्या सह्याद्रीतला, कृष्णेच्या खोऱ्यातला. पश्चिम घाटाबाहेर तो निसर्गात कुठेही सापडत नाही आणि आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या लाल यादीत त्याची नोंद 'संकटग्रस्त' अशी आहे. म्हणून हे खोडून काढणं मला गरजेचं वाटतं.

"घाण खातात." लोच गोगलगायी खातो, अळ्या खातो, तळाशी बसलेले खाण्याचे दाणे उचलतो. विष्ठा तो खात नाही. उलट मासा श्वास घेतो तेव्हा त्याच्या कल्ल्यांतूनच अमोनिया पाण्यात उतरत असतो. म्हणजे साफसफाईसाठी आणलेल्या प्रत्येक माशामागे टाकीतलं विष वाढतं.

"एक रात्र पाणी उघडं ठेवा." यात थोडं तथ्य आहे, साधा क्लोरीन उडून जातो. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, काही ठिकाणी नळाच्या पाण्यात हेच घालतात) मात्र जात नाही, त्याला औषधच लागतं. पण खरा घोळ पुढेच आहे. अमोनियाचं आधी नायट्राइट (तेही विषारीच) आणि मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी असं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर हळूहळू वस्ती करतात. त्याला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर पाणी काचेसारखं नितळ दिसतं आणि तरीही मारतं.

माझ्या पहिल्या टाकीत हेच झालं. तिसऱ्या दिवशी लोच तळ सोडून फिल्टरच्या धारेपाशी आले, कल्ले भराभर हलत होते. चौथ्या दिवशी सकाळी एक दगडाआड आडवा पडलेला दिसला. लोच आडवे पडून झोपतात हे मी वाचलं होतं, म्हणून निर्धास्त राहिलो. दुपारी बोट लावलं तर हालचाल नाही. पाण्यातला अमोनिया, नायट्राइट मोजणारं टेस्ट किट मी त्यानंतर आणलं.

बोअरचं पाणी असेल तर आणखी जपा, त्याचा पीएच (पाणी आम्ल की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) जास्त असू शकतो. तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग पीएच 7 च्या तुलनेत 8 ला जवळजवळ नऊपट असतो. शिवाय एप्रिल-मेमध्ये तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि हा तर वाहत्या पाण्यातला मासा.

मिठाचं म्हणाल, तर त्यातला क्लोराइड नायट्राइटची बाधा काही प्रमाणात रोखतो, हे खरं. अमोनियावर त्याचा काहीही परिणाम होत नाही.

खाणं वेगळंच लागतं. वरचे मासे दाणा खाली पोचूच देत नाहीत, म्हणून दिवा बंद केल्यावर बुडणारी गोळी टाका. दोन मासेही पुरत नाहीत. हा कळपातला जीव आहे, निदान पाच-सहा तरी हवेत. आणि तळाला धारदार खडी नको, बारीक वाळू घाला. खडीने त्यांच्या मिश्या झिजतात.

मग सुरुवात कशी करायची? मासे नसलेल्या, पाणी भरलेल्या टाकीत फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर खाणं टाकत राहा; ते कुजून अमोनिया सुटतो आणि त्यावर जिवाणू वाढतात. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून घ्या आणि आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. तो नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग आठवडाभर शून्य आले की आधी दोन-चार काटक मासे सोडा. त्यानंतरही महिनाभर टाकी मुरू द्या. तळचे मासे सगळ्यात शेवटी.