खुलासा : ‘एकच पेंटाटॉनिक सगळ्या कॉर्ड्सवर चालते’

‘ए मायनर पेंटाटॉनिक शिका, खाली कुठलीही कॉर्ड असो, चुकीचा सूर लागणारच नाही,’ असं गिटार शिकणाऱ्यांना सर्रास सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. (पेंटाटॉनिक म्हणजे पाच सुरांचा संच, कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले सूर.)

ए, सी, डी, ई, जी हे पाच सूर (आपल्या धानी रागाचेच) ए मायनर, डी मायनर, एफ यांवर छान बसतात. पण ई सेव्हन आली की गडबड. त्या कॉर्डमध्ये जी शार्प (जीपेक्षा अर्धा सूर वरचा) आहे आणि तुम्ही साधा जी धरून बसलात, तर दोन्ही घासतात. नेहमीच्या बॉक्समध्ये (गिटारवर बोटं ठेवण्याच्या ठरलेल्या आकारात) चौथ्या तारेवर पाचव्या फ्रेटला जी आहे. ई सेव्हनपुरतं तिथे सहावा फ्रेट दाबून बघा, लगेच फरक कळेल. ब्लूजमध्ये अशी घासाघीस मुद्दाम करतात, आणि गोडही लागते, पण ती ठरवून केलेली असते.

उलट, ‘प्रत्येक कॉर्डला तिच्याच नावाची पेंटाटॉनिक’ हा नियमही मला पटत नाही. सी मेजर सेव्हनवर ई मायनर पेंटाटॉनिक वाजवा : मूळ सी वगळून तिसरा, पाचवा, सहावा, सातवा आणि नववा सूर आयतेच मिळतात. बी मायनर पेंटाटॉनिक घेतलीत तर एफ शार्प येतो आणि कॉर्डला लिडियन (चौथा सूर तीव्र असलेला) रंग चढतो. बॉक्सचा आकार तोच, फक्त हात सातव्या फ्रेटला.