शेपूट कुठल्या हद्दीत पडतं?

कोल्हापूरला लागून असलेल्या आमच्या वाडीत प्लॉट बघायला येणार असाल तर रविवारी सकाळी साडेसहाला या. "स्टँडपासून फक्त दहा मिनिटं" अशी पाटी लावणारा माणूस खोटं बोलत नाही. त्या वेळेला खरंच दहा मिनिटं लागतात. उसाच्या फडावरून गार वारा येत असतो, डेअरीत कॅन वाजत असतात, मारुतीच्या देवळात कुणीतरी अभंग लावलेले असतात. एजंट म्हणतो, "बघा साहेब, शहराच्या कुशीत आणि हवा गावाची." लगेच इसार देऊन मोकळे व्हा. सोमवारी संध्याकाळी सातला परत बघायला यायची चूक तेवढी करू नका.

वाडीचं नाव सांगत नाही. मोरेवाडी, सरनोबतवाडी, उजळाईवाडी, नागदेववाडी, हणमंतवाडी, शहराच्या चारी अंगांना वाड्याच वाड्या आहेत. यातली एकही नाही असं समजा, नाहीतर सगळ्याच समजा. जुनी माणसं सांगतात, पूर्वी इथं पन्नासेक उंबरे होते, दोन आडनावं, एक गुऱ्हाळ आणि एक तालीम. गुऱ्हाळाच्या जागी आता मंगल कार्यालय आहे आणि तालमीत ग्रामपंचायतीच्या मोडक्या खुर्च्या. मूळ गावकरी आम्हाला 'प्लॉटवाले' म्हणतात. मला इथं येऊन एकवीस वर्षं झाली. अजून प्लॉटवालाच आहे.

इथं राहायचं तर पत्ता लिहायला शिका. लग्नपत्रिकेत 'कोल्हापूर', घरफाळ्याच्या पावतीवर 'ता. करवीर'. पुण्याहून मुलीला बघायला पाहुणे आले की आपण पक्के कोल्हापूरचे, जगात भारी. कर भरायची वेळ आली की आपण खेड्यातली साधी माणसं, आम्हाला काय कळतंय.

केएमटीच्या, म्हणजे शहराच्या बसची वाट बघू नका.

पाण्याची चौकशी प्लॉट घेतल्यावर करा. आधी केली तर घेणारच नाही, आणि मग एजंटांनी काय खायचं? काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईननं शहराला पाणी आलं ते नोव्हेंबर 2023 मध्ये, ऐन दिवाळीत. 53 किलोमीटर. चढ, ओढे, लोकांचे बांध, काय काय ओलांडून आलं बिचारं. माझ्या गॅलरीतून शहराची शेवटची तोटी दिसते, ती तीनशे पावलांवर आहे. तेवढं चालायला मात्र त्याला दम लागतो. आमच्याकडं चार दिवसांतून एकदा नळाला येतं, तेही पहाटे, आणि व्हॉल्व्ह फिरवणारे मामा ज्या गल्लीत चहाला थांबतात तिथं अर्धा तास जास्त. तेव्हा घरात दूध कायम शिल्लक ठेवा. टँकरपेक्षा स्वस्त पडतं.

बांधकाम करताना रस्त्याकडं बघू नका. दोन गुंठ्यांत घर बसवायचं, पायरी गटारीवर, बाल्कनी वायरीखाली, आणि गाड्या लावायला रस्ता आहेच. परवानगीसाठी 2017 पासून 42 गावांचं प्राधिकरण आहे. ती रीतसर काढणारी माणसंही मी पाहिली आहेत. बाकीच्यांचा भरवसा बिनपरवाना तुकडे पाडलेले प्लॉट नियमित करणाऱ्या गुंठेवारीच्या कायद्यावर. तो 2001 साली आला तेव्हा आधीच्या प्लॉटांपुरता होता, मग मुदत सरकून डिसेंबर 2020 पर्यंत आली. एकदा सरकली ती परत सरकेल, या श्रद्धेवर आमच्याकडं तीन-तीन मजले उभे आहेत. ॲम्ब्युलन्स गल्लीत येत नाही. पेशंटला खुर्चीत बसवून कोपऱ्यापर्यंत न्यायचं असतं. त्यासाठी एक लाल प्लास्टिकची खुर्ची कदमकाकूंच्या जिन्याखाली राखून ठेवली आहे. लग्नकार्यालासुद्धा ती कुणी मागत नाही.

पावसाळ्यात मात्र तुमची किंमत वाढेल. वाडी उंचावर आहे ना. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 ला धोका, हे सगळ्या जिल्ह्याला पाठ आहे. माझ्या फोनची पातळी 41 आहे. त्या फुटाला शहरातले पाहुणे आठवण काढतात. "भावजी, किती दिवसांत भेट नाही! बरं, गाडी लावायला जागा हाय का तुमच्याकडं?" 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 ला 56 च्या, दोन्ही वेळा आमच्या गल्लीला शोरूमची कळा आली होती. पाणी उतरलं की गाड्या जातात आणि वाडी पुन्हा 'लई लांब' होते.

आता मुख्य सल्ला. हद्दीच्या रेघेवर मरू नका. कुत्र्याच्या जन्माला आला असाल तर अजिबातच नाही.

ही रेघ कागदावरची नाही, डोळ्यांनी दिसते. शहराचं डांबर जिथं संपतं तिथं चार बोटं उंचीची पायरी आहे आणि पायरीखाली आमची उघडी खडी. कोल्हापूरच्या नगरपालिकेची महापालिका झाली 1972 साली. पाटी बदलली, रेघ राहिली तिथंच. शहराचा कचऱ्याचा टिपर रेघेच्या अलीकडं तीसेक पावलांवर रिव्हर्स घेतो. आमच्या बाजूचा ट्रॅक्टर पलीकडच्या लिंबापासून वळतो. मधली पट्टी कुणाचीच नाही, म्हणजे सगळ्यांची. तिथं नारळाच्या शेंड्या, डायपर, कोंबडीची पिसं, गणपतीचं थर्मोकोलचं मखर, सगळं मिळतं. मागच्या महिन्यात एक अख्खा कमोड होता. झाकणासकट.

गेल्या शुक्रवारी रात्री मुरमाच्या डंपरनं तिथं एक तांबडं कुत्रं उडवलं. पडलं ते बरोबर पायरीवर. तोंड शहरात, शेपूट वाडीत.

शनिवारी सकाळी इकडच्या साहेबांना फोन केला. साहेब अगदी नीट बोलले. "डोकं कुठल्या बाजूला म्हणताय? मग ते शहराचं झालं." शहराच्या बाजूला फोन लावला. त्यांनी फोटो मागितला. मी लुंगीवर, छत्री धरून, मेलेल्या कुत्र्याचे तीन बाजूंनी फोटो काढले. अर्ध्या तासानं उत्तर आलं: 'मागील भाग ग्रा.पं. हद्दीत दिसतो. संबंधितांशी संपर्क साधावा.' दिसतो! परत इकडं फोन. "आवं, मग वजन कुठल्या अंगाला जास्त हाय ते बघा की." हे वाक्य मी रचलेलं नाही. एका पगारी माणसानं कामाच्या वेळेत मला हे सांगितलं, आणि तो हसत नव्हता. म्हणजे मी काय करायचं होतं? काटा घेऊन जायचा होता? किराणा दुकानातला?

रविवारी दोन्हीकडं सुट्टी. बारीक पाऊस. दुपारी वास स्वयंपाकघरात आला. बायकोनं तांबडा रस्सा केला होता, तो तिनं तसाच झाकून ठेवला. सोमवारी शाळेची पोरं नाकाला रुमाल लावून रेघ ओलांडत होती. आमचे सदस्य बुलेटवरून त्याच वाटेनं गेले, कुत्र्याला वळसा घालून. मला हात केला. मीही केला, सवय असते.

सोमवारी रात्री नऊला मी आणि शेजारचे आप्पा निघालो. आप्पांचं वय अडुसष्ट, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. कुदळ, खोरं आणि पाच किलो खडेमीठ. पोत्यावर ओढत लिंबाखाली नेलं आणि खड्डा काढला. जमीन कुणाच्या हद्दीत येते ते विचारलं नाही. माती लोटताना आप्पा म्हणाले, "तोंड कुठल्या बाजूला करूया?" एरवी मी हसलो असतो.

आणि हद्दवाढ, म्हणजे आमच्यासारखी गावं शहरात घ्यायची, म्हटलं की आम्ही विरोधाला रस्त्यावर! कधी 42 गावांची यादी, कधी 18, कधी 8. यादी कसलीही येऊ दे, आमचा फलक तयार असतो. 2016 साली 18 गावांचा विषय तापला तेव्हा मीसुद्धा घोषणा दिल्या होत्या, 'शेती वाचवा' म्हणून. कुठली शेती? माझ्याकडं दोन गुंठे आणि एक कढीपत्त्याचं झाड आहे. खरी शेती असलेल्यांची भीती खरी आहे, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. पण माझ्यासारख्यांना घरफाळा खेड्याचा पाहिजे आणि पाणी शहराचं. शहरवाल्यांना आमची जागा पाहिजे, त्यावर राहणारी माणसं नकोत. मग कुत्रं कोण उचलणार?

उपरोध बास आता. सरळ बोलतो.

मंगळवारी सकाळी मी गॅलरीत चहा घेत उभा होतो. लिंबाखालची माती अजून ओली होती. शहराकडून एक मोपेड आली, पायाजवळ निळी पिशवी. थांबलासुद्धा नाही. गाडी हळू केली, पायानं पिशवी ढकलली आणि तसाच ऑफिसला गेला. पिशवी फुटली. शिळा भात, माशांचे काटे, चहाचा चोथा. दहा मिनिटांत तीन कुत्री हजर.

ते तांबडं कुत्रं रात्री रस्त्याच्या मधोमध कशाला आलं होतं, कळलं का? साहेब लोक कामचुकार आहेत, मान्य. पण पिशवी साहेबांनी नाही टाकली. तुमच्या दारात रोज टिपर येतो, भोंगा वाजवत. दोन जिने उतरायला होत नाही तुम्हाला? बायकोनं पिशवी हातात दिली की ती दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकायची, हे कुठं शिकलात? आणि वाडीतल्या शहाण्यांनो, तुम्ही दात काढू नका. अंधार पडल्यावर बादली घेऊन कोण कोण येतं ते मला वरून दिसतं. दुसऱ्या दिवशी मला 'राम राम' घालता, जरा लाज वाटू दे.

निळ्या पिशवीत एक लाईट बिल होतं. नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक, सगळं. मी ते धुऊन, वाळवून, वहीत ठेवलंय. रविवारपर्यंत थांबतो. या, पिशवी उचला आणि आमच्याकडं चहा घेऊन जा. नाही आलात तर बिल मारुतीच्या देवळातल्या फळ्यावर लागेल.