म्हणे, बलवानाचा हात धरा!

आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, जवळ आली की ओट्याओट्यावर पत्ते पिसले जातात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ज्ञान. सध्या धुळ्यापासून रावेरपर्यंत फिरणारा मेसेज असा: खेळात बलवानाचा हात धरा, गट जितका मोठा तितकं बरं, आणि दहा चाली पुढचं बघा.

पहिलं कलम सगळ्यांना पटतं, म्हणून त्याचाच समाचार आधी. १९५७ साली विनॅक आणि आर्कॉफ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी पचिशीच्या पटावर तिघातिघांना खेळवलं. दान सगळ्यांना तेच. पण एका डावात एकाला ते चौपट, दुसऱ्याला तिप्पट, तिसऱ्याला दुप्पट. एकेकटे खेळले तर चौपटवाला जिंकलाच. जोडी केली तर दोघांचे आकडे एकत्र, आणि बक्षिसाची वाटणी आपसात ठरवायची. सर्वाधिक जोड्या जमल्या त्या तिप्पट-दुप्पटवाल्यांच्या! तीन नि दोन पाच, चाराला भारी. चौपटवाल्याशी जमवूनही जिंकता येतं, पण तो वाटणीत पाटीलकी करणार. बरं, त्याचं दान सहापट असतं तर? मग त्याला कुणाचीच गरज नाही. तुम्ही हात धरायला गेलात तरी तो कशाला देईल?

मोठ्या गटाचं थोडक्यात: वाटेकरी वाढले की वाटा घटतो. जिंकायला पुरेल एवढाच गट करावा, हे राज्यशास्त्रज्ञ विल्यम रायकर यांनी १९६२ मध्येच मांडलंय. कुणी फुटायची भीती असेल तर एखादा जास्तीचा ठेवा, बस.

राहिल्या दहा चाली. १९९५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ रोझमेरी नागेल यांनी लोकांना ० ते १०० मधला आकडा निवडायला लावला; सरासरीच्या दोन-तृतीयांशाला जवळचा तो विजेता. सगळे ५० म्हणतील तर मी ३३, सगळे ३३ म्हणतील तर मी २२, असा तर्क शेवटपर्यंत ताणला तर उत्तर शून्य. पण पहिल्या फेरीत सरासरी आली ३७ च्या आसपास, म्हणजे जिंकणारा आकडा २५ च्या जवळ. बहुतेकांचं डोकं एक-दोन पावलंच चाललं होतं. शून्यवाला विद्वान तिथे हरतोच.

काळी तिरी या पत्त्यांच्या डावात हे जादा डोकं चालवणं रोज दिसतं. बोली जिंकणारा इस्पिकचा एक्का मागतो. तो ज्याच्या हातात, तो त्याचा गुपचूप भिडू. बाकीचे विचारत राहतात, “तू कोना मानूस शेस रे भो?” भिडू मख्ख. ओळख लपवायच्या नादात तो एक्का दाबून बसतो, आणि ३० गुणांची इस्पिकची तिरी समोरचे उचलून नेतात.