लाइट मारला, सिमेंट कडक झालं, पण पकड?

दातांच्या लाइट-क्युअर (म्हणजे निळा लाइट मारल्यावर कडक होणाऱ्या) रेझिन सिमेंटबद्दलचा एक मजकूर बऱ्याच दिवसांपासून या फोनवरून त्या फोनवर फिरतोय. दंतवैद्यकाचे विद्यार्थी तो पुढे पाठवतात, आणि व्हिनिअर (दातावर चिकटवायचा सिरॅमिकचा पातळ पापुद्रा) बसवून घेणारे पेशंटही तो दाखवून डॉक्टरांना प्रश्न विचारतात. थोडक्यात तो असा: "सिमेंट जितकं कडक, तितकी पकड घट्ट. लाइट जोरदार असला आणि जास्त वेळ मारला की सिमेंट दगडासारखं होतं. मग व्हिनिअर असो की झिर्कोनियाची (टणक सिरॅमिकची) कॅप, जन्मभर सुटत नाही. लाइटनंतर सिमेंट चिकट लागलं तर माल हलका समजावा. विकत घेताना मेगापास्कलचा (पकडीच्या ताकदीचा) आकडा तेवढा बघावा."

पहिल्या वाक्यापासूनच घोळ आहे, आणि बाकीचा सगळा मजकूर त्या वाक्यावर उभा आहे. म्हणून जास्त वेळ तिथेच घालवू.

कठिणता मोजतात कशी? सिमेंटची छोटी चकती करायची, तिच्यावर लाइट मारायचा, पृष्ठभाग घासून गुळगुळीत करायचा आणि हिऱ्याचं टोक ठरावीक भाराने काही सेकंद दाबून धरायचं. टोक उचललं की सूक्ष्मदर्शकाखाली चौकोनी खड्डा दिसतो. त्याचे दोन्ही कर्ण मोजले की विकर्स आकडा निघतो. नूप पद्धतीत खड्डा लांबट पडतो, तत्त्व तेच. या सगळ्या खटाटोपात दात कुठे आहे? कुठेच नाही. सिमेंट स्वतः आतून किती टणक झालं एवढंच ही चाचणी सांगते. पकड मात्र दोन पृष्ठभागांवर ठरते: एकीकडे दात आणि सिमेंट, दुसरीकडे सिमेंट आणि सिरॅमिक. ओल धरलेल्या भिंतीवरचं प्लास्टर कितीही टणक असलं तरी अख्खा पोपडा सुटून येतो, तसंच हे.

निखळलेलं व्हिनिअर सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की हे उघड दिसतं. बऱ्याचदा सिमेंटचा थर सिरॅमिकच्या आतल्या बाजूला जसाच्या तसा बसलेला असतो, कडक, चकचकीत, कुठे तडा नाही. दाताकडची बाजू मात्र साफ कोरी, बरच्या (दात घासायच्या ड्रिलच्या टोकाच्या) रेघाही ओळखू येतात. याला अ‍ॅडहेसिव्ह फेल्युअर म्हणतात: सिमेंट तुटलं नाही, ते दातापासून सुटलं. कारणं शोधायला गेलं तर एचिंगनंतर (आम्लाने दाताचा पृष्ठभाग खरखरीत केल्यावर) दाताला लाळ लागलेली असते, किंवा तात्पुरत्या सिमेंटमधलं युजेनॉल (लवंगेच्या तेलातला घटक) मागे राहिलेलं असतं. कधी आम्ल धुतल्यावर डेंटिन (दाताच्या वरच्या कवचाखालचा थर) हवेने ठणठणीत सुकवलेलं असतं. मग उघडं पडलेलं कोलॅजेनचं, म्हणजे प्रथिनाच्या तंतूंचं, जाळं खाली बसतं आणि बाँडिंगचं द्रव त्यात शिरूच शकत नाही. यातली एकही चूक लाइटने दुरुस्त होत नाही. उलट लाइट त्या चुकीवर टणक झाकण घालतो.

आता मजकुराला द्यायचं ते श्रेय देऊ. सिमेंट अर्धवट क्युअर झालं तर पकडही कमी भरते, हे खरंच आहे. एकाच सिमेंटच्या दोन चकत्यांची तुलना केली तर कठिणतेवरून किती मोनोमर (रेझिनचे सुटे रेणू) जुळला याचा बरा अंदाज येतो. म्हणूनच चकतीच्या तळाची कठिणता वरच्या बाजूच्या निदान ८० टक्के असावी, असा निकष प्रयोगशाळांत वापरतात. म्हणजे कमी कठिणता ही धोक्याची खूण आहे. जास्त कठिणता मात्र पकडीची हमी नाही. आणि दोन वेगळ्या सिमेंटांची तुलना करायची झाली तर तेवढाही अर्थ उरत नाही, कारण त्यांच्यात फिलरचं, म्हणजे काचेच्या भुकटीचं, प्रमाण वेगळं असतं. जास्त फिलरचं सिमेंट कमी क्युअर होऊनही जास्त टणक निघू शकतं.

प्रोबने (दंतवैद्याच्या टोकदार हत्याराने) कडेला टोकरून "कडक झालं" म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. प्रोब जिथे पोहोचतो त्या कडेला प्रकाश थेट मिळालेला असतो. सिरॅमिकच्या मधोमध, खाली काय झालंय, ते प्रोबला कळत नाही.

दुसरा मुद्दा जोरदार आणि जास्त वेळच्या लाइटचा. हिशेब वरवर सरळ दिसतो. प्रति चौरस सेंटिमीटर ८०० मिलिवॅट गुणिले २० सेकंद म्हणजे १६ ज्यूल. ३२०० मिलिवॅट गुणिले ५ सेकंद म्हणजेही १६ ज्यूल. पण रेझिनला हा गुणाकार तंतोतंत लागू पडत नाही. एकदम खूप रॅडिकल (रेणूंची साखळी सुरू करणारे कण) तयार झाले की साखळी वाढवण्याआधीच ते एकमेकांना भेटून संपतात. पातळ, म्हणजे सहज वाहणाऱ्या, रेझिनमध्ये हा तोटा जास्त जाणवतो, आणि सिमेंट तर पातळच ठेवलेलं असतं. वेळ वाढवण्यालाही मर्यादा आहे. साधारण ५५ ते ७५ टक्के दुहेरी बंध (मोनोमर एकमेकांना जोडले जायच्या जागा) जुळले की जाळं इतकं घट्ट होतं की उरलेल्या रेणूंना हलायला जागा राहत नाही. त्यापुढे लाइट मारत राहिलात तर मिळते ती उष्णता. पल्पचं (दाताच्या आतल्या जिवंत गाभ्याचं) तापमान ५.५ अंश सेल्सियसने वाढलं तर काही दातांचा पल्प मरतो, हे १९६५ साली झॅक आणि कोहेन यांनी माकडांवरच्या प्रयोगात दाखवलं होतं. तो आकडा माणसाला जसाच्या तसा लावावा की नाही यावर वाद आहे. पण पातळ उरलेल्या डेंटिनवर लाइट धरून बसावं, असं कुणीही म्हणत नाही.

लाइटची ताकद बघताना रंगही बघावा लागतो. नेहमीचा फोटोइनिशिएटर (प्रकाश शोषून क्रिया सुरू करणारा घटक) कॅम्फरक्विनोन ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषतो. पिवळसरपणा टाळण्यासाठी काही सिमेंटांत टीपीओ नावाचा दुसरा इनिशिएटर वापरतात, आणि त्याला ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा प्रकाश लागतो. फक्त निळ्या एलईडीचा दिवा कितीही जोरदार असला तरी त्याच्यापुढे तो बराचसा वाया जातो.

तिसरा मुद्दा, "व्हिनिअर असो की झिर्कोनियाची कॅप". हे वाक्य सरळ घातक आहे. अर्धा मिलिमीटरच्या फिकट व्हिनिअरमधून प्रकाश बऱ्यापैकी जातो, तिथे लाइट-क्युअर सिमेंट योग्य. सिरॅमिकची जाडी आणि गडदपणा वाढत गेला की खाली पोहोचणारा प्रकाश झपाट्याने कमी होतो. जाड झिर्कोनियाखाली, धातूखाली किंवा मुळातल्या पोस्टपाशी (आधाराच्या दांड्यापाशी) निव्वळ लाइटवर चालणारं सिमेंट वापरायचंच नाही. तिथे ड्युअल (लाइट आणि रसायन दोन्हींनी कडक होणारं) किंवा सेल्फ-क्युअर (नुसत्या रसायनाने कडक होणारं) लागतं. ड्युअललाही जिथे शक्य तिथे लाइट द्यावाच, कारण नुसत्या रासायनिक क्युअरवर बरीच ड्युअल सिमेंटं पूर्ण टणक होत नाहीत.

झिर्कोनियाचं दुखणं फक्त प्रकाशाचं नाही. काचयुक्त सिरॅमिकवर हायड्रोफ्लुओरिक आम्लाने बारीक खाचा पडतात आणि सायलेनला (काच आणि रेझिन जोडणाऱ्या द्रवाला) धरायला सिलिका मिळते. झिर्कोनियात काचच नाही, त्यामुळे तो मार्ग बंद. तिथे अ‍ॅल्युमिनाच्या कणांचा हलका मारा आणि एमडीपी (झिर्कोनियाला धरणारा रेणू) असलेला प्रायमर लागतो. ट्राय-इन करताना, म्हणजे चिकटवण्याआधी कॅप बसवून बघताना, लाळेतला फॉस्फेट झिर्कोनियावर चिकटतो आणि एमडीपीची जागा अडवतो. ही लाळ फॉस्फोरिक आम्लाने धुणारे आणखी फॉस्फेट चढवून ठेवतात.

आता मेगापास्कल. हा आकडा बघून खरेदी करणाऱ्याला आधी विचारा, कोणत्या चाचणीचा? शिअर चाचणीत ३ मिलिमीटर व्यासाचं सिमेंटचं दंडगोल दातावर चिकटवतात आणि पात्याने ढकलून पाडतात. क्षेत्रफळ साधारण ७ चौरस मिलिमीटर, म्हणजे १० मेगापास्कलसाठी सुमारे ७० न्यूटन. मायक्रोटेन्साइलमध्ये सुमारे १ चौरस मिलिमीटर छेदाची काडी कापून ती ओढतात. क्षेत्रफळ लहान, म्हणून त्यात बुडबुडा किंवा दोष सापडण्याची शक्यता कमी, म्हणून आकडा मोठा. तेच सिमेंट, तोच दात, आणि मायक्रोटेन्साइलचा आकडा शिअरपेक्षा बराच वर जाऊ शकतो. शिवाय नमुना ३७ अंशांच्या पाण्यात फक्त २४ तास ठेवला होता की ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात हजारो वेळा आलटूनपालटून बुडवला होता, इनॅमल (दाताचं वरचं कवच) होतं की डेंटिन, तुटलं कुठे, हे सगळं लिहिलेलं नसेल तर तो आकडा जाहिरातीचा समजावा. एकाच अभ्यासात, एकाच हाताने केलेल्या दोन सिमेंटांची तुलना मात्र उपयोगाची असते.

"जन्मभर" हा शब्द कुणी लिहिला देव जाणे. डेंटिनवरची पकड काळासोबत कमी होते: पाणी रेझिनमध्ये शिरतं, एस्टर बंध तोडतं, आणि डेंटिनमधलीच एमएमपी नावाची एन्झाइमं रेझिन न पोहोचलेलं कोलॅजेन कुरतडतात. इनॅमलवरची पकड कितीतरी जास्त टिकते, म्हणून व्हिनिअरच्या कडा शक्यतो इनॅमलमध्येच ठेवतात.

राहिला चिकटपणा. हवेतला ऑक्सिजन रॅडिकल खाऊन टाकतो, त्यामुळे उघड्या पृष्ठभागावर अगदी बारीक थर ओला राहतोच. उत्तमातल्या उत्तम सिमेंटवरही. आधी दोन-तीन सेकंद टॅक क्युअर (ओझरता लाइट) करून जास्तीचं सिमेंट काढायचं, मग हवा अडवायला कडेला ग्लिसरीन जेल लावून प्रत्येक बाजूने पूर्ण वेळ लाइट द्यायचा. जेल धुतल्यावर कड चिकट लागत नाही.