लॉर्डसाहेबांची मंजुरी कशी मिळवावी

दोन महायुद्धांच्या मधल्या लंडनमध्ये जाऊन बड्या घरांतल्या भानगडींवर नाटक लिहावं असं तुमच्या मनात आलं, तर आधी पत्ता लिहून घ्या : लॉर्ड चेंबरलेन, सेंट जेम्स पॅलेस. राजघराण्याची लग्नं आणि बागेतल्या मेजवान्या बघणारे हे गृहस्थ १८४३ च्या कायद्याने तुमची संहिताही बघतात. त्यांचा शिक्का नसेल तर पडदा उघडायचा नाही. (नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाच्या पायऱ्या झिजवलेल्या आपल्या नाटकवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.)

घाबरू नका. पंचविशीही न गाठलेल्या नोएल कॉवर्ड या इंग्रज नाटककाराने १९२४ साली ‘द व्होर्टेक्स’ पास करून घेतलंच ना! त्याचाच कित्ता गिरवा. वय चोरणारी, मुलाच्या वयाचा मित्र बाळगणारी एक बाई घ्या. नवरा असू द्या, पण कोपऱ्यात. मुलगा निकी पियानो बडवतो आणि त्याची वाग्दत्त वधू नेमकी आईच्याच मित्राच्या मिठीत सापडते. आता निकीला आतून काय पोखरतंय? पुरुषावरचं प्रेम असेल तर संहितेत त्याचा ‘प्र’सुद्धा नको, त्यासाठी तुरुंग आहे, ऑस्कर वाइल्ड जाऊन आला. त्याऐवजी निकीच्या खिशात एक डबी ठेवा. डबीत कोकेन. कोकेन चालतं! ज्यांना कळायचं त्यांना कळतं, बाकीचे ‘व्यसन वाईटच हो’ म्हणत कोट शोधतात.

तिसरा अंक आईच्या बेडरूममध्ये. ड्रेसिंग टेबलावरच्या बाटल्या-डब्या मुलाने एका हाताने जमिनीवर लोटायच्या, मग दोघांनी रडायचं आणि सुधारायच्या आणाभाका घ्यायच्या. लॉर्ड क्रोमर (तेव्हाचे लॉर्ड चेंबरलेन) अडून बसलेच तर गंभीर चेहऱ्याने सांगा, हा तर नीतिपाठ आहे. कॉवर्डने तेच सांगितलं, आणि नोव्हेंबरात हॅम्पस्टेडच्या एव्हरीमन थिएटरात प्रयोग लागला. नाटक चाललं की रेशमी ड्रेसिंग गाऊन घालून पलंगावर फोटो काढून घ्या. नीतिपाठ देणाऱ्याला एवढं शोभतंच.

फक्त पात्रांना सुखी ठेवू नका. ‘डिझाइन फॉर लिव्हिंग’ या पुढच्या एका नाटकात कॉवर्डचा तिथेच पाय घसरला. गिल्डा आधी ओटोबरोबर राहते, मग लिओबरोबर. ओटो आणि लिओ यांचंही एकमेकांवर प्रेम. ती कंटाळून अर्नेस्ट नावाच्या सभ्य कलाव्यापाऱ्याशी लग्न करते, तर हे दोघे सकाळी त्याच्याच घरात त्याचेच पायजमे घालून जिना उतरतात. (‘पायजमा’ हा शब्द आपलाच. साहेबाने नेला आणि काय काय कामाला लावला बघा.) रडणं नाही, शपथ नाही, खिशात डबीसुद्धा नाही. असलं काही लिहिलंत तर न्यूयॉर्कचं तिकीट काढा. तिथे ते १९३३ च्या जानेवारीत रंगमंचावर आलं. लंडनच्या प्रेक्षकांना १९३९ पर्यंत थांबावं लागलं. तेव्हा कुठे त्यांना शेवट दिसला : अर्नेस्ट तणतणत बाहेर पडताना चित्रांच्या गठ्ठ्याला अडखळून आडवा होतो, आणि सोफ्यावर ते तिघं पोट धरधरून हसत राहतात.