गादी गेली, पण चिमटा आला

समाचाराला येणारा प्रत्येक जण दारातूनच विचारतो, "काय उचललंत हो?" त्याला सिलिंडर हवा असतो, तांदळाचं पोतं हवं असतं, गेला बाजार एखादा गुबगुबीत नातू. मी वाकलो होतो तो गॅलरीत पडलेला कपड्यांचा चिमटा उचलायला. प्लॅस्टिकचा. तोही उचलला गेला नाहीच.

कमरेत कट् झालं आणि मी काटकोनात राहिलो. बायकोचं निदान: उसण. दोन दिवस तव्यावर ओव्याची पुरचुंडी तापत होती. शेजारच्या काकूंनी तर पायाळू मुलगा शोधून आणला. पायाळू माणसाची लाथ बसली की उसण उतरते म्हणे. पोरगं आठवीतलं, फुटबॉल खेळणारं. "डाव्या पायानं मारू की उजव्या?" त्यानं अदबीनं विचारलं. काकूंच्या समाधानापुरता अंगठा टेकवून घेतला आणि त्याला लाडू देऊन वाटेला लावलं.

तिसऱ्या दिवशी कळ कुल्ल्यातून पोटरीत उतरली, अंगठ्याला मुंग्या आल्या. डॉक्टरांनी उताणं झोपवून पाय सरळ वर उचलला. वीतभरच उचलला असेल, पण मला कुलदैवत आठवलं. "कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकलीय." आमच्या घराण्यात आजवर कुणाला गादी मिळाली नव्हती, मला मिळाली ती अशी.

महिनाभर लोळायला मिळणार म्हणून मी आतून सुखावलो होतो. डॉक्टर म्हणाले, फार झोपून राहायचं नाही, झेपेल तसं चालायचं. बहुतेकांचं काही आठवड्यांत उतरतं. मात्र लघवीवरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल लुळं पडलं, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, थेट हॉस्पिटल गाठायचं.

आता कॉटवरून उठणं हा एक सोहळा आहे. आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडायचे, मग हातानं रेटत उभा राहतो तोवर चहावर साय धरते. सगळ्यात भीती शिंकेची. फोडणीत मिरची टाकण्याआधी बायको ओरडते, "टाकतेय हं!" मी भिंत धरतो.

व्यायाम म्हणजे पालथं पडून कोपरांवर छाती उचलायची. कळ पायात आणखी खाली सरकली तर थांबायचं. फिजिओथेरपिस्ट मुलगी सांगत होती, न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झींना हे १९५६ मध्ये चुकून सापडलं. एक पेशंट डोक्याकडून उचललेल्या टेबलावर तसाच पालथा पडून राहिला आणि उठला तो बरा वाटतंय म्हणत. आमच्याकडे लाथ, तिकडे टेबल.

परवा असाच पालथा पडलो असताना वॉशिंग मशीनखाली तो दिसला. निळा चिमटा. पोटावर सरपटत गेलो आणि काढला. एवढ्यात बेल वाजली. मेव्हणा.

"भावजी, उचललंत तरी काय?"

मी चिमटा खिशात सारला. "सिलिंडर. भरलेला."